काठिण्यपातळी

पणजीहून पिवळ्या पाकिटात चाळीस प्रश्न आलेत.
प्रत्येकापुढे एक चौकट.
सोपा, मध्यम, कठीण, यांतलं एक लिहायचं
आणि शनिवारपर्यंत परत धाडायचं.
डिचोलीच्या वीजखात्यात खिडकीमागे एकतीस वर्षं काढलेली बाई
आकड्यांचं सगळं जाणते, असा त्यांचा समज.
माझाही होता.

प्रश्न पहिला. बांगड्यांचा वाटा शंभराला, वाट्यात आठ.
अडीच वाट्यांचे पैसे किती?
मी लिहिलं, मध्यम.
रात्री वर्गात इनासिनला विचारलं.
दिवसभर मासळीबाजारात बसून आलेली,
नार्व्याच्या शेवटच्या फेरीवर एक डोळा ठेवून शिकणारी.
"अडेच वांटे कोण विकता गो बाय?"
तिसरा अख्खा घ्यायला लावायचा,
नाहीतर वर दोन बारके टाकून गिऱ्हाईक बांधून ठेवायचं.
उत्तर तिनं दिलंच नाही.
प्रश्नच परत केला, शिळी मासळी परत करावी तसा.
मी मध्यम खोडलं. दुसरं काही सुचेना.

कुष्टा लामगावचा, वय अठ्ठ्याहत्तर.
देवळाच्या मंडपात भरायच्या शाळेत दोन पावसाळे,
तेवढ्यात औटकीपर्यंत पोचलेला.
गंमत म्हणून विचारलं, बारा औटं?
"बेचाळीस." तंबाखू मळणं थांबलंसुद्धा नाही.
औट म्हणजे साडेतीन, हे मलाच आठवावं लागलं.

हाच कुष्टा एकदा माझ्या खिडकीशी आला होता.
बिलावर छापलेलं 940.
मंडपातल्या पाटीवर शिकलेल्या डोळ्यांना
पहिला आकडा एक दिसला, दुसरा पाच.
दीडशे रुपये घेऊन आला, मोजलेले, घडी घातलेले.
मी काचेमागून म्हटलं, हे काय? नऊशे चाळीस!
बिल उलटंसुलटं करत तो मागे फिरला.
रांगेत कुणीतरी हसलं.
मीच असेन.

आणि त्या बायका,
ज्या मुठीतल्या सगळ्या नोटा, चिल्लरसकट,
खिडकीच्या खाचेतून आत लोटायच्या
आणि म्हणायच्या, तूंच घे गो, लागतात तितले.
मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची,
माणसं अजून विश्वास ठेवतात हो आपल्याकडे.
भात वाढता वाढता. अभिमानानं.

प्रश्न सतरावा.
डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलंय 1-0-1. दिवसाच्या गोळ्या किती?
हा मी पाकीट फोडल्या फोडल्याच उरकला होता. सोपा.
एक अधिक एक, पहिलीतलं पोर सांगेल.
इनासिननं कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.
"एकशे एक?"

वर्गात कुणी हसलं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
मग ती म्हणाली,
आईच्या वेळी अशीच चिठ्ठी होती, साखरेच्या डब्याखाली ठेवलेली.
एकशे एक तर कुणी घेत नाही, एवढं कळत होतं.
म्हणून एक देत होतो. सकाळी, पेजेबरोबर.
"तेणेंच गेली अशें न्हय हां, बाय. पिराय जाल्ली."
आणि पिशवी उचलून ती फेरीकडे निघाली.
रोजच्यासारखीच, थोडी लवकर.

सोमवारी पणजीहून फोन आला.
बाई, सतरावी चौकट कोरी राहिलीय.
राहिली नाही, मी म्हटलं. कोरीच पाठवलीय.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
मग मध्यम टाकू?
मी काही बोलायच्या आत तिकडून आभार मानले गेले.

वर्गात कुष्टा फळ्यापाशी उभा होता, हातात खडू.
9 काढत होता.
पोट जमत होतं.
शेपूट कुठे थांबवायचं ते ठरत नव्हतं,
आणि दर खेपेला त्याचा, न चुकता,
सुरेख, वळणदार एक होत होता.